निळं जरा कमी पडतंय

आमच्या घरात रंगांबद्दल बोलायचा अधिकार एकाच माणसाला. भिंतींना कुठला रंग द्यायचा, पडदे कसले घ्यायचे, मी कशात बरी दिसते आणि कशात आजारी, हे सगळं ह्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. लग्नानंतर नवी नवी असताना मी एकदा हौसेनं म्हटलं होतं, काय सुंदर लाल फुलं आहेत. हे जागच्या जागी थांबले, वाकले, आणि ती फुलं लाल कशी नाहीत, त्यांच्यात पिवळ्याची छटा कुठून आणि किती आलीय, हे भर रस्त्यात मला समजावून दिलं. तेव्हापासून मी फुलांना नुसतं छान म्हणते.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. सगळी नोकरी छापखान्यात रंग पास करण्यात गेली. मशीनवरून पहिले कागद आले की हे भिंग घेऊन त्यांच्यावर वाकायचे, "लाल चिमूटभर काढ" म्हणायचे, आणि हे हो म्हणेपर्यंत मशीनमन पुढचा कागद सोडायचा नाही. तिथं ह्यांना सगळे 'काटा' म्हणत, तराजूचा असतो तो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी एखादं अवघड काम आलं की छापखान्याच्या मालकीणबाई अजून फोन करतात. जुन्या मालकांची ही मुलगी, ह्यांच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. काका, जरा नजर टाकून जाता का, एवढंच म्हणते. पण तेवढ्यावर ह्यांचा महिना निघतो. शर्टाला कडक इस्त्री होते, भिंग मऊ फडक्यानं पुसलं जातं, आणि परत आल्यावर दोन दिवस घरात फक्त त्या कामाच्या गप्पा असतात. तो फोन यायचा बंद झाला तर ह्या माणसानं उठून काय करायचं, हे मला खरोखरच सुचत नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. त्यांचं सगळं डोळ्यांवर चाललं, माझं कानांवर. पलीकडचा माणूस खरं बोलतोय की थाप मारतोय, आत्ताच रडून आलाय की भांडून, हे मला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. या कलेचा संसारात मला किती उपयोग झाला ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तर गोष्ट स्लाइड्सची आहे. हल्लीच्या लोकांना स्लाइड म्हणजे काय हे सांगावं लागतं. पुठ्ठ्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा छोटा तुकडा, उजेडासमोर धरला की आत अख्खं चित्र. आमच्या लग्नापासून लेक कॉलेजात जाईपर्यंत ह्यांनी दुसऱ्या कशावर फोटो काढलेच नाहीत, कारण कागदावरच्या फोटोत म्हणे रंग खोटा येतो. मागच्या खोलीतल्या कपाटाचे दोन खण त्या पेट्यांनी भरलेत. भिंतीवर चित्र पाडायचा प्रोजेक्टर केव्हाच गेला, त्याचा दिवा आता कुठं मिळत नाही, त्यामुळे आमचं सगळं तरुणपण त्या दोन खणांत अंधारात पडून होतं. लेकीला ते फोटो हवे होते. ती आणि जावई दुसऱ्या शहरात राहतात. एक दिवस तिनं सरळ स्कॅनरच पाठवून दिला. त्यात स्लाइड्सची चवड उभी लावायची, मग एकेक स्लाइड आपोआप आत सरकते, स्कॅन होते आणि पलीकडे बाहेर पडते. पुठ्ठ्याच्या जुन्या चौकटी वाकल्या असतील तर मध्येच अडकते, मग चिमट्यानं सोडवायची. ते काम माझ्याकडे आलं.

लेकीला वाटलं, महिन्याभरात उरकेल. तिनं सॉफ्टवेअरचा विचार केला नव्हता, आणि बापाचाही.

स्कॅनर म्हणजे नुसता डोळा. काय दिसलं ते ठरवणारं डोकं म्हणजे सॉफ्टवेअर, आणि ते डोकं ह्यांच्या पसंतीला उतरायला हवं होतं. पहिलं स्कॅनरबरोबरच आलेलं, त्याला मी 'फुकटं' म्हणायचे. स्वभावानं गरीब, सांगू ते ऐकायचं, पण मोठी चवड लावली की अर्ध्यात दम टाकायचं, आणि पुन्हा सुरू केलं की फोटोंना पहिल्यापासून नंबर घालायचं, म्हणजे नवा फोटो जुन्याच्या उरावर. लेकीचं बारसं असं एका धबधब्याखाली गेलं, ते पुन्हा स्कॅन करावं लागलं. दुसरं सॉफ्टवेअर जावयानं सुचवलं. त्यात एकच मोठं बटण होतं, ते दाबलं की सगळे फोटो सुधारायचे. त्याचं नाव मी 'ब्युटी पार्लर' ठेवलं, कारण त्यातून बाहेर पडलेला प्रत्येक जण, आमच्या सासूबाईंसकट, गालांना लाली लावून आलेला असायचा. एका भरून आलेल्या संध्याकाळच्या फोटोत त्यानं चक्क ऊन पाडलं. ते बघून हे जावयाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, यातच काय ते आलं.

तिसरं ह्यांनी स्वतः शोधून काढलं. विकत घ्यायच्या आधी ते वापरून बघता यायचं, फक्त प्रत्येक फोटोवर आडवा 'नमुना' असा शिक्का पडायचा. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीच्या फोटोत मी कपाळापासून हनुवटीपर्यंत नमुना होते. ह्यांना त्यात काही खटकलं नाही.

या तिसऱ्याला मी 'मास्तर' म्हणू लागले, कारण ते आधी परीक्षा घ्यायचं. त्याच्याबरोबर एक खास स्लाइड येते. तिच्यावर रंगांचे बारीक बारीक चौकोन असतात आणि खाली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाची एक पट्टी. कुठल्या चौकोनाचा खरा रंग काय, हे मास्तरला आधीच ठाऊक असतं. ती स्लाइड स्कॅनरला दाखवायची, म्हणजे स्कॅनर कुठं आणि किती खोटं बोलतोय ते मास्तर टिपून घेतो, आणि मग पुढच्या प्रत्येक चवडीत तेवढी दुरुस्ती आपण होऊन करतो. वर प्रत्येक स्लाइडची जशीच्या तशी मूळ प्रतही वेगळी ठेवतो, आपण नंतर कितीही गिरगटलं तरी ती शाबूत. ह्यांना ही रीत भलतीच पटली. यंत्राकडून आधी चुका कबूल करून घ्यायच्या आणि मगच कामाला लावायचं, हेच म्हणाले आम्ही छापखान्यात करायचो. मास्तर विकत घेतला गेला. माझ्या तोंडावरचा शिक्का गेला.

पहिल्या परीक्षेला ह्यांनी एक ठरावीक स्लाइड काढली. आमच्या पहिल्या घराची गच्ची, मागं नुकताच चुना दिलेली भिंत, पुढं खुर्चीत मी, मांडीवर लेक, आणि माझ्या अंगात मी स्वतः विणलेला जांभळट निळा स्वेटर. लोकर अर्थातच ह्यांनी निवडलेली. मास्तरनं चित्र काढून दिलं आणि मी मनात म्हटलं, सुटलो. भिंत पांढरी, लेक गुलाबी, स्वेटर अगदी स्वेटरासारखा. ह्यांनी खुर्ची पुढं ओढली, मान वाकडी केली, डोळे बारीक केले.

"निळं जरा कमी पडतंय," म्हणाले.

मास्तरमध्ये रंग हातानं कमीजास्त करायची सोय होती, आणि ती सोय देणाऱ्याचं मी अजून भलं चिंतलेलं नाही. ह्यांनी निळं वाढवलं. लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, अजून वाढवलं. शेवटी ती जुळणी 'अंतिम' असं नाव देऊन जपून ठेवली, म्हणजे पुढच्या सगळ्या स्लाइड्सना आपोआप लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चित्र ह्यांना पुन्हा पिवळं वाटायला लागलं, तेव्हा 'अंतिम खरा' तयार झाली. आठवडा संपेपर्यंत 'अंतिम पक्का'वर मुक्काम आला, आणि मग चवडीवर चवड लागत गेली.

आता मला काय दिसत होतं ते सांगते. मला भिंत निळी दिसत होती. मांडीवरची लेक थंडीनं काकडलेली दिसत होती आणि मी स्वतः नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी. पण मी म्हटलं, आपल्याला रंगातलं काय कळतंय. आपल्याला तर फुलंसुद्धा धड ओळखता येत नाहीत. "बरोबर ना?" ह्यांनी विचारलं, आणि मी "बरोबर" म्हटलं.

एकदा मात्र राहवलं नाही. ट्रंकेतून तोच स्वेटर काढून आणला आणि स्क्रीनशेजारी धरला. दोन्ही एकाच लोकरीचे आहेत असं शपथेवर सांगितलं तरी कुणी मानलं नसतं. ह्यांनी स्वेटर खिडकीशी नेला, उलटा केला, बाहीच्या आतली बाजू बघितली.

"लोकर पिवळी पडलीय," म्हणाले. "फोटोतला खरा."

मी स्वेटर घडी घालून परत ठेवला. स्वतःच्या हातानं विणलेली वस्तू खोटी ठरली की वाईट वाटतंच.

तिकडं लेकीकडे याहून मोठी गंमत चालली होती, ती मला तिच्याच तोंडून कळली. ह्यांनी तिला फोटो पाठवले, तिनं ते उघडले, आणि तिला वाटलं आपला स्क्रीन बिघडला. बाबांचा रंग चुकला असेल ही शंका तिच्या डोक्यात आलीच नाही. ती वाढलीच आमच्या घरात. तिनं नवऱ्याला कामाला लावलं. जावई स्वभावानं भिडस्त, आणि ब्युटी पार्लरच्या प्रकरणापासून सासऱ्यांपुढं रंग हा शब्दही काढत नव्हता. त्यानं स्क्रीनची सगळी सेटिंग्ज उपसली आणि निळं कमी करत करत अशा ठिकाणी आणून ठेवली, की बाबांचे फोटो ठीक दिसायला लागले. बाकीचं सगळं त्या स्क्रीनवर पिवळं दिसे, ते त्यांनी चालवून घेतलं. मग लेकीचा फोन आला की बाबा, आता एकदम मस्त दिसतंय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढं समाधान मी त्यांच्या तोंडावर लेकीच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याही काही गोष्टी होत होत्या, पण मी त्यांच्याकडे कानाडोळा केला. ह्यांनी घरातले सगळे दिवे बदलून पांढरे लावले, जुने पिवळे मारतात म्हणून. पडदे उन्हानं पिवळे पडले म्हणून दोनदा धुवायला दिले. लॉन्ड्रीवाला म्हणाला, अहो स्वच्छ आहेत. संध्याकाळी फिरायला जाणं हळूहळू बंद झालं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत फुटतात, म्हणे, हल्लीच्या लोकांना दिवे लावायची अक्कल नाही. मी हे सगळं म्हातारपणाच्या किरकिरीत जमा केलं.

मग एक दिवस हे छापखान्यात गेले होते. कुठल्याशा कापड कंपनीच्या कॅटलॉगचं काम होतं. हे घरी पोचायच्या आधी मालकीणबाईंचा फोन आला. काका आले का, विचारलं. नाही म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाली, आणि त्या दोन शब्दांतच मी खुर्ची ओढून बसले.

ती बिचारी शब्द शोधत बोलत होती. काकांनी आज निळं फारच वाढवायला लावलं, मशीनमननं वाढवलं, काका समोर होते तोवर तसंच छापलं आणि ते गेटबाहेर पडल्यावर परत खाली आणलं. आजचंच नाही, गेल्या काही वेळांना असंच होतंय. त्यांना कुणी काही बोललेलं नाही, बोलणारही नाही. "पण काकू, तेवढे डोळे दाखवून घ्या ना कुणाला तरी," म्हणाली. "त्यांचा अपमान होईल असं काही आमच्या हातून व्हायला नको."

मी फोन ठेवला आणि हे जिन्यातून शीळ घालत वर आले.

दोन दिवस असेच गेले. बोलायला बसले की ह्यांचा चेहरा बघायचे आणि चहा टाकायला उठायचे. सगळं जग ह्यांच्या डोळ्यांची लाज राखायला उभं होतं, मशीनमनपासून जावयापर्यंत. आणि आता ती घालवायचं काम माझ्यावर येऊन पडलं होतं. मला मनापासून भीती वाटत होती. ह्या माणसाकडून डोळे काढून घेतले तर मागं उरतं काय, तर एक तिरसट म्हातारा आणि एक भिंग.

तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी नवी चवड लावली आणि मला बोलावलं. स्क्रीनवर एक तलाव होता, काठावर लेक, हातात बिस्किट. बिस्किटसुद्धा निळं होतं.

"बरोबर ना?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ह्यांना आधी ते ऐकूच आलं नाही. मग वळून बघितलं.

"निळं दिसतंय," मी म्हटलं. "सगळंच निळं दिसतंय. मला दिसतंय, लेकीला दिसतंय, जावयाला दिसतंय."

"लेक तर मस्त म्हणाली."

"तिनं स्क्रीनचे रंग बदलून घेतले, म्हणून."

ह्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कधीपासून दिसतंय?"

"पहिल्या पेटीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलू दिलंत मला रंगाबद्दल?"

ह्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग जरा उसन्या जोरात म्हणाले, की घरच्यांच्या डोळ्यांचं काय घेऊन बसलीस, छापखान्यात अजून माझ्या शब्दावर मशीन चालतं. इथं मी पटकन काहीतरी बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले की ह्यांना सगळं ऐकू येतं.

"तिनं फोन केला होता?" ह्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. ह्यांनी स्कॅनर बंद केला. आत एक स्लाइड अर्धवट अडकून राहिली, ती मी नंतर चिमट्यानं सोडवली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटपटीत. मोतीबिंदू आहे म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. डोळ्याच्या आतलं भिंग पिवळं पडत जातं, पण इतकं सावकाश, की माणसाला वाटतं जगच पिवळं पडलं. म्हणून तुम्हाला सगळीकडे निळं कमी वाटत होतं. आधी उजवा करू, मग महिन्याभरानं डावा. आणि मग कागद भरता भरता सहज बोलून गेल्या, की छापखान्यात रंग बघणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या तर हे लवकर लक्षात यायला हवं होतं. ह्यांनी कागद ओढून सही केली. एरवी त्यांच्या दवाखान्याच्या भिंतींच्या रंगावर अर्धा तास ऐकवलं असतं.

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली तशी घरी आल्या आल्या हे मागच्या खोलीत गेले. मी दारातून बघत होते. गच्चीवरचा तो फोटो उघडला, 'अंतिम पक्का'वाला. तळहातानं उजवा डोळा झाकला आणि बघितलं. मग डावा झाकला आणि बघितलं. असं पुष्कळ वेळ चाललं, एखाद्या गोष्टीची दोन्ही बाजूंनी खात्री करून घ्यावी तसं.

"अगं," शेवटी म्हणाले, "पोर गोठलीय की गं ही."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं, कारण आवाजात थट्टा नव्हती. लेकीला खरंच थंडी वाजली असावी असा आवाज होता.

त्यानंतर ह्यांनी रंगांबद्दल बोलणंच सोडलं. मला वाटलं होतं, नवा डोळा मिळाल्यावर आमचे हे दुप्पट जोरानं सगळ्यांना सुधारायला निघतील. तसं काही झालं नाही. मालकीणबाईंचा फोन आला, तिला म्हणाले मशीनमनलाच बघू दे, त्याची नजर चांगली आहे. मला विचाराल तर, इतकी वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते. आणि आता तो आला तर घर खायला उठलं. मी मुद्दाम बाजारातून भडक गुलाबी उशीचे अभ्रे आणले आणि नारिंगी चादरीवर मांडून ठेवले. पूर्वी ह्यांनी दारातच कपाळाला हात लावला असता. ह्यांनी एक नजर टाकली आणि "छान आहेत" म्हणाले. एका खोलीत बसून असं परक्यासारखं छान म्हणायला आम्ही काय पाहुणे होतो?

स्लाइड्स मात्र अर्ध्यात टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मास्तरनं सगळ्या मूळ प्रती जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे पुन्हा स्कॅन करायची गरज नव्हती. ह्यांनी आपल्या तिन्ही 'अंतिम' जुळण्या पुसून टाकल्या आणि मास्तरच्या परीक्षेतून निघालेले रंग जसेच्या तसे सगळ्या फोटोंना लावून दिले. स्वतः एकही फोटो धड बघितला नाही. मास्तर म्हणेल ते खरं, म्हणाले, आणि पहिला गठ्ठा लेकीला पाठवून दिला.

तिचा लगेच फोन आला. मी मागच्या खोलीतच होते, चिमटा हातात घेऊन. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, हे सगळे पिवळे दिसतायत," ती म्हणाली. "आधीचे किती छान होते."

माझ्या लक्षात आलं की तिकडचा स्क्रीन अजून जावयानं उतरवून ठेवलाय तसाच आहे. ह्यांच्याही लक्षात यायला हवं होतं, मीच तर सांगितलं होतं. मी वाट बघत राहिले की आता हे खेकसतील.

"असेल," हे म्हणाले. "असेल गं. माझ्या डोळ्यांचं आता काही खरं नाही. थांब, बघतो." आणि ह्यांचा हात माऊसकडे गेला, निळं वाढवायला.

एक्स्चेंजमध्ये एक आवाज मी पुष्कळदा ऐकलाय. पलीकडून काही मिळणार नाही हे कळून चुकलेलं असतं, आणि माणूस नुसता रिसीव्हर खाली ठेवायचा राहिलेला असतो. ह्यांचा आवाज तसा होता.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"अगं, पण ती म्हणतेय..."

"तिचं राहू दे. तुम्हाला काय दिसतंय?"

"मला नको विचारूस."

"तुम्हालाच विचारतेय. डावा डोळा झाका आणि सांगा."

ह्यांनी हात मागं घेतला. मग डावा डोळा झाकला आणि स्क्रीनवर वाकले. पलीकडून लेक हॅलो हॅलो करत होती, तिला मी थांब म्हटलं. आणि मग मीही स्टूल ओढून ह्यांच्या शेजारी बसले आणि तो गच्चीवरचा फोटो बघितला. आजवर ह्यांनी विचारलं की मी फोटोकडे नव्हे, ह्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचे. आता फोटोकडे बघितलं. भिंतीच्या तळाशी ओल आली होती, ती मी साफ विसरले होते. लेकीच्या एका गालावर झोपेतून उठल्याचा वळ होता.

"भिंत पांढरी आहे," हे सावकाश म्हणाले. "खाली ओल धरलीय तिथं करडी, जरा हिरवट. पोरीचा रंग बरोबर आहे. स्वेटर..." इथं थांबले. "स्वेटर बरोबर आहे."

"आई?" फोनमधून लेक म्हणाली. "तुला काय वाटतं?"

हा प्रश्न या घरात मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी घाई केली नाही. भिंत पुन्हा बघितली, पोरीचा गाल बघितला, माझा स्वेटर बघितला.

"तुमचा स्क्रीन बिघडलाय," मी म्हटलं. "तुझे बाबा बरोबर सांगतायत."

ह्यांनी डोळ्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे वळले. फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं, "खरंच, का नेहमीसारखं?"

"बघून सांगतेय," मी म्हटलं.

ह्यांनी माऊस बाजूला सारला, घसा खाकरला, आणि लेकीला म्हणाले, जावयाला फोन दे.